चावी कमरेला, बोट तळाला

येलदरी कॅम्प, तालुका जिंतूर
ता. ८ नोव्हेंबर १९७५

श्रीयुत बन्सीधरराव यांस थोरला साडू दिनकर याचा हात जोडून नमस्कार. (एरवी मी नात्यानं थोरला म्हणून तुम्हाला आशीर्वाद लिहीत असतो. ह्या एका पत्रापुरते तुम्ही स्वतःला थोरले समजा आणि थोरल्यासारखं मन मोठं करून वाचा.) तुमची तब्येत ठणठणीत असणारच, नेव्हीतल्या माणसाला काय धाड भरलीय. सौ. सुलाबाईंचा तो मुंबईच्या दमट हवेचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा मध घालून देत जा, डॉक्टरच्या लाल पाण्याच्या नादी लागू नका. लेकरांच्या परीक्षा झाल्या असतील. इकडची खैरियत विचाराल तर पाऊसपाणी झकास, हरभरा वर आला, ज्वारी गुडघ्याला लागली आणि धरण काठोकाठ भरलं. धरण भरल्याचा आनंद सगळ्यांना झाला, एक मला सोडून. कारण असं की तुमची बोट बुडाली.

लिहून टाकलं बुवा एकदाचं. परवापासून हे एक वाक्य मी कच्च्या कागदावर सात तऱ्हांनी लिहून पाहिलं. ('बोटीची प्रकृती जरा नरम आहे' असंही एकदा लिहिलं होतं.) मी निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेला माणूस. वाईट खबर मलमलीत गुंडाळून कशी सांगावी, ह्याचा इल्म आम्हाला मास्तरांनी छडी मारून दिला होता. पण बुडालेल्या चीजेला कसलंही कापड पुरत नाही हो. मागच्या तीन पत्रांत तुम्ही बोटीबद्दल विचारलंत आणि तिन्ही वेळा मी 'बोट खुशाल आहे' असं कळवलं. ते लिहिताना मी खोटं बोलत नव्हतो, एवढं आधी मनावर घ्या. मलाच पत्ता नव्हता.

बोटीचं दुःख आहेच. लिलावात घेतलेली, सरकीच्या पोत्यांशेजारी ट्रकवर टाकून तुम्ही इतक्या लांब आणलेली शिडाची बोट. ह्या भागात लोक ती बघायला भाकरी बांधून आले होते. पण त्याहून मोठं दुःख आमच्या पडवीत गोधडीवर बसलेलं आहे. मे महिन्यात तुम्ही बोट पाण्यात सोडली आणि त्याच पायी येऊन सासूबाईंना शब्द दिलात, की मामी, कार्तिकात सुलीला आणि लेकरांना घेऊन येतो आणि तुम्हाला शिडाच्या बोटीत बसवून वाघदरीवर नेतो. वाघदरी, त्यांचं गाव, धरणाच्या पोटात गेल्याला सात वर्षं झाली. घर, विहीर, मामंजींनी लावलेला आंबा, सगळं खाली. तेव्हापासून त्या आमच्या क्वार्टरात राहतात आणि गाव बुडालं त्या दिशेला तोंड करून जेवतात. तुम्ही शब्द दिलात त्या दिवशी त्यांनी एक कोरं लुगडं पेटीतून काढून खुंटीवर ठेवलं, ते अजून तिथंच आहे. सत्तरी उलटलेली बाई. तिची एवढीच इच्छा राहिली होती आणि ती पुरी करायची बोट तुम्ही माझ्या भरवशावर ठेवून गेलात.

म्हणून हात जोडून विनंती, की पंचवीस तारखेची तुमची रजा काही तरी सबब काढून वैशाखात ढकला. तोवर पाणी उतरेल, बोट उघडी पडेल, मग डागडुजीचं बघू. सबब तुम्हीच कळवा. नेव्हीच्या सबबीवर सासूबाईंचा भरवसा बसतो, माझ्या बोलण्यावर बसत नाही, आणि ह्या खेपेला तो न बसण्यात त्यांची काही चूक नाही.

झालं कसं ते ऐका. तुम्ही जाताना बजावलं होतंत: दोर लांब ठेवा, ढिला ठेवा, पाणी चढेल तशी बोट वर सरकवा, चार दिवसांतून एकदा आतलं पाणी उपसा. मी मान डोलावली. पण बन्सीधरराव, मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं. मी कुणब्याच्या पोटचा. बैल बांधायला शिकवताना वडिलांनी पहिला धडा हाच दिला, की दावं ढिलं सोडलं की जनावर शेजाऱ्याच्या कडब्यात आणि शेजारी आपल्या दारात. तुमची बोट त्या लांब दोरावर दिवसभर वाऱ्यासंगं हिंडायची. आज पंडित भोयाच्या जाळ्यात तोंड, उद्या धुणं धुणाऱ्या बायांच्या दगडावर टक्कर. पंडित दोनदा घरी येऊन बोलून गेला. (लय सभ्य माणूस. मासे विकतो पण आवाज चढवत नाही.) मला वाटलं, साडूनं लाडात वाढवलेली चीज आहे, हिला वळण लावायचं राहूनच गेलं. ते मी लावलं. जुलैच्या मध्यावर बोट टेकडीपलीकडच्या अंगाला नेली. तिथं काठाला बाभळीचा एक जुना जाडजूड बुंधा होता. त्याला ती पुढून आणि मागून आखूड साखळीनं अशी जखडली, की केवढा वारा सुटला तरी नुसती मान हलवायची. वरून अलीगढी कुलूप ठोकलं. चावी करदोड्याला बांधली. लांबून उभं राहून बघितलं तर अगदी गोठ्यातल्या गरीब गायीसारखी दिसत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला.

आता तुम्ही म्हणाल, दिनकरराव, पाणी चढतं हे तुम्हाला माहीत नव्हतं का? अहो, धरणाच्या पाण्याच्या पातळीचं रजिस्टर मीच लिहितो! धरण भरलं तेव्हापासून, सात वर्षं लिहितोय. अक्षर बघून साहेब लोक वाहवा करतात. पण रजिस्टरातलं पाणी निराळं आणि बोटीखालचं पाणी निराळं, असा काही तरी माझा समज होता. रजिस्टरात पाणी चढलं की मी आकडा लिहायचा, दस्तखत करायची, पान उलटायचं. ते पाणी खरोखर कुठं तरी चढत असतं आणि तिथं कुणाची तरी बोट बांधलेली असते, हे सात वर्षांत डोक्यातच आलं नाही. ह्यावर तुम्ही हसा किंवा रडा, माझं दोन्ही करून झालं.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात ऑफिसनं मला पंधरा दिवसांसाठी परभणीला पाठवलं, जुने कागद लावून द्यायला. पंधरा दिवस संपले की नवा हुकूम यायचा: आणखी पंधरा दिवस. असे सात हुकूम आले. (एकच साडेतीन महिन्यांचा काढला असता तर मी अंथरूण तरी नेलं असतं. दोन सदऱ्यांवर पावसाळा काढला.) हल्लीचे दिवस तुम्ही जाणताच. माणसं घड्याळाच्या आधी ऑफिसात येऊन बसायलीत, रजा मागायची कुणाची छाती नाही. मधे पोळ्याला आणि दसऱ्याला घरी येऊन गेलो, पण संध्याकाळच्या यष्टीनं यायचं आणि सकाळच्या यष्टीनं पळायचं. टेकडी ओलांडून बोट बघून यावी, असं मनात आलं होतं. पण कमरेला हात लावला की चावी लागायची. चावी आहे म्हणजे बोट आहे, एवढा मला इत्मिनान.

दिवाळीच्या तोंडावर कायमचा परत आलो. पिशवी टेकवली, चहा घेतला आणि टेकडी ओलांडली. बुंधा नव्हता. काठच नव्हता. जिथं मी चपला काढून ठेवायचो तिथून पुढं नुसतं पाणी, आणि दोन कासरे आत डोलकाठीचं टोक हातभर वर आलेलं, जरासं वाकडं, त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. तो पाणकावळा माझ्याकडं बघून हललासुद्धा नाही. बन्सीधरराव, पाणी वर चढत होतं, बोट त्याच्यासंगं वर यायला बघत होती आणि माझी साखळी तिला खाली ओढून धरत होती. मोकळी सोडली असती तर आज कुठं तरी तरंगत असती. मी चांगली बांधली म्हणून बुडाली. किती दिवस ओढ घेतली असेल बिचारीनं, ह्या विचारानं घास उतरेना.

घरी येऊन सौ. कुसुमला विचारलं, तुला काहीच कळलं नव्हतं का? तर म्हणते, काड्या वेचायला गेले होते तवा दिसली न्हाई खरी, मला वाटलं पावसाळ्यात बोटी पाण्याखालीच ठेवत असतील; पाण्यातली चीज पाण्यात गेली, त्यात काय सांगायचं? डोंबल! (तुमचं शीड मात्र घरात सुखरूप आहे. म्हणजे ज्येष्ठात त्यावर कुरडया वाळवल्या, नंतर मिरच्या. उघडलं की दोन शिंका येतात, बाकी कुठं उसवलेलं नाही.)

मग काढायचे प्रयत्न सुरू झाले. पंडित भोयाच्या हातापाया पडलो. त्यानं चावी दातात धरून बुडी मारली. एकदा नाही, चारदा. चौथ्यांदा वर आला तेव्हा दातात चावीचा मागचा अर्धा भाग होता, पुढचा अर्धा खाली कुलपात. म्हणजे कुलूप अस्सल होतं, त्यात शंका नाही. मग आबासाहेब मदतीला आले. हे इथले बडे बागायतदार, दोन खिल्लारी जोड्या बाळगून आहेत आणि कुणी बोलावलं नाही तरी येतात. पाडव्याला त्यांनी सजवलेले बैल काठावर आणले आणि मोटेचा जाड नाडा डोलकाठीला बांधायला लावला. मी कळवळून सांगत होतो, की आबासाहेब, खाली साखळी आहे, आधी ती तुटली पाहिजे. ते म्हणाले, "दिनकरराव, तुमी कागदावरची मान्सं. आमी चिखलातून भरल्या गाड्या काढल्यात." आणि हाकलले की बैल! एक हिसका बसला, कडाड असा आवाज झाला आणि डोलकाठी मुळ्यासारखी उपटून बैलांमागं निघाली. बैल थांबेनात, त्यांना वाटलं शंकरपट लागला. कॅम्पाच्या फाटकापर्यंत डोलकाठी फरफटत गेली आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अर्धी तर आली की!"

तोवर निदान बोट इथं आहे, एवढं बोट दाखवून सांगता येत होतं. आता तेही गेलं. सगळीकडं सारखं पाणी. डोलकाठी सध्या अंगणात दोन मेढींवर आडवी टाकली आहे आणि सौ. तिच्यावर गोधड्या वाळवते.

सासूबाईंना ह्यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांची नजर अंगणापलीकडं पोचत नाही. काठावरचा गलका कसला म्हणून विचारलं तर मी सांगितलं, बैलांची शर्यत होती (हे फारसं खोटं नव्हतं). पण रोज सकाळी चहाबरोबर एक प्रश्न असतो, जावाईबापू, बोट कशी हाय? पहिल्या दिवशी मी म्हणालो, रंग द्यायलेत. कोणता? निळा. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, निळ्या पाण्यात निळी बोट दिसावी कशी? मग मी ती पिवळी केली. तिसऱ्या दिवशी त्यांना पिवळा मळका वाटला म्हणून हिरवी केली आणि वर लाल पट्टा मारला. अशी ती बोट तळाशी असताना मी आठवडाभर रंगवतोय. त्या सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "बगा बरं, सुली येईस्तवर वाळाया पायजे." त्या असं म्हणतात ना, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं वाटतं. म्हातारीचं गाव एकदा धरणानं बुडवलं आणि दुसऱ्यांदा मी. लाज वाटते हो. पन्नाशी आली, नातवंडं व्हायची वेळ झाली आणि चहाच्या कपाआड तोंड लपवून बसतो.

तेव्हा रजा ढकलाच. उलट टपाली एवढं एकच कळवा. जास्त काय लिहू, लिहिण्यासारखं तोंड राहिलेलं नाही.

तुमचा गुन्हेगार,
दिनकर

ता. क. पाकीट बंद करायला गेलो, पण पोटात ठरेना. भाद्रपदात पंडित भोयानं मला परभणीला एक कार्ड टाकलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: 'बोटीचं नाक पाण्यात चाललं आहे, चावी ताबडतोब पाठवून द्यावी.' मला वाटलं, हा चावीसाठी बहाणा करायला लागला, साडूच्या बोटीतून मासे मारायचा बेत दिसतो. मी सुवाच्य अक्षरात उत्तर धाडलं, की चावी मिळणार नाही, बोटीपासून दूर राहावे. तो राहिला. म्हणून वर जे पाऊस, हुकूम, यष्टी वगैरे लिहिलं आहे ते सगळं खरं आहे, पण बोट त्यातल्या कशानंही बुडाली नाही. ती माझ्या उत्तरानं बुडाली. आणि एवढं होऊन तोच पंडित माझ्यासाठी चार बुड्या मारून गेला, कार्डाचा विषयसुद्धा काढला नाही. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

दुसरा ता. क. (रविवार, दुपार.) आज डाक निघत नाही म्हणून पाकीट उघडंच होतं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, काय लिव्हायलाव? मी म्हणालो, खुशाली. त्या म्हणाल्या, "बोट बुडाल्याचं लिव्हलं का काय तेच्यात?"

बन्सीधरराव, त्यांना भाद्रपदापासून माहीत आहे! माझं ते उत्तर घेऊन पंडित त्यांच्याकडंच आला होता. (सौ.लाही सांगितलं नाही. जावयाची बेअब्रू नको म्हणून.) आणि ऐका पुढं. त्याच पंडितानं गूळ करायची एक काहील पाण्यात सोडली, आमच्याकडं पुराच्या पाण्यातून उतरायला वापरतात तशी, आणि त्या भल्यामोठ्या कढईत मांडी घालून ही सत्तर वर्षांची बाई वाघदरीवर जाऊन आली! तुम्ही नेव्हीवाले हसाल. शीड नाही, सुकाणू नाही, नुसता बांबू. मी विचारलं, मामी, काय दिसलं? "पानी. पंडित म्हणला, हितं तुमचं घर. म्या म्हणलं, आसंल. जरा बसले, आले माघारी."

मग रोज मला रंग कशाला विचारत होतात, असं मी काकुळतीनं म्हणालो. तर म्हणाल्या, "तुमी सांगत व्हते म्हणून." मग जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "गावाचं माझं रडून झालंय. बोट गेली तं जाऊ द्या. पर बोट न्हाई म्हणून कळलं तर सुली कशाला येती? चार वर्सं झाली तिला. म्हणती, माय, तुजं घरच न्हाई राह्यलं, ताईच्या दारात पाव्हणी म्हणून किती डाव यावं? बोटीचं नाव काढलं तवा कुटं हो म्हणली. तुमी बोटीचं अक्षर लिव्हू नका." मी त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली, की लिहिणार नाही.

तेव्हा वरची विनंती रद्द. रजा ढकलू नका. पंचवीसला यायचे ते जमलं तर वीसलाच या. हे पत्र सुलाबाईंच्या हाती लागू देऊ नका. गाडीत बसेपर्यंत बोट खुशाल आहे असंच चालू द्या, पुढचं मी पाया पडून निस्तरीन. मला ज्या काही शिव्या द्यायच्या असतील त्या टेकडीपलीकडं नेऊन द्या, घरात नको.

शपथ पाळली की नाही हे बघायला सासूबाईंनी आत्ता पत्र वाचून दाखवायला लावलं. मी बोट गाळून वाचलं. साखळी गाळली, कुलूप गाळलं, बैल गाळले, रजा ढकलायचं गाळलं, ता. क. मधलं 'या' एवढंच ठेवलं, तर एवढ्या पानांतून हातात उरलं ते इतकंच, की सुलाबाईंचा खोकला कसा आहे, त्यांना आणि लेकरांना घेऊन या, आम्ही वाट बघायलोत. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "येवढं लिव्हायला तीन दिस लागले व्हय तुमाला?"